औषध एक, रक्त अनेक : जनुकांचा फरक आणि जातीचा खोटा हिशेब

विदर्भातल्या एका बौद्ध वस्तीत आम्ही सिकलसेलच्या रुग्णांच्या घरभेटी करत होतो. एका घरात दोन भाऊ, दोघेही सिकलसेलचे रुग्ण, दोघांनाही सरकारी दवाखान्यातून हायड्रॉक्सीयुरियाची गोळी मिळत होती. मोठ्याचे दुखणे उठणे बरेच कमी झाले होते, धाकटा मात्र महिन्या-दोन महिन्यांनी भरती व्हायचा. त्यांची आई म्हणाली, "भाऊ, दोघाईले एकच गोळी देतो ना, मंग लहान्याले काहून लागू पडत नाही?" आम्ही उत्तर देण्याआधीच बाजूला बसलेली म्हातारी बोलली, "आपल्या लोकाईचं रगतच तसं हाय, बाई."

आईचा प्रश्न विज्ञानाचा होता आणि तो अगदी बरोबर होता. म्हातारीचे उत्तर मात्र हजारो वर्षे आपल्या डोक्यात भरवलेले उत्तर होते. औषध प्रत्येक शरीरात सारखे काम करत नाही, यामागे इतर कारणांबरोबर जनुकांतला फरकही असतो, हे सत्य आहे. पण या सत्याचा हात धरून "अमुक लोकांचे रक्तच तसे" हे असत्य घरात शिरते. या दोन गोष्टी वेगळ्या करायला शास्त्रज्ञांनाही बराच काळ लागला. तो इतिहास आपल्या तरुणांनी वाचला पाहिजे, कारण उद्या "तुमच्या जातीची जनुके" असा शब्द घेऊन कुणीतरी आपल्या दारात येणार आहे. त्यासाठी आपल्याला आधी अमेरिकेतल्या एका तुरुंगात जावे लागेल.

तुरुंगातला शोध

मलेरियावरचे प्लाझ्मोक्विन हे औषध जर्मनीत 1920 च्या दशकात तयार झाले. ते मध्य अमेरिकेत युनायटेड फ्रूट कंपनीच्या केळीच्या मळ्यांवर वापरले गेले. 1926 मध्येच कंपनीच्या डॉक्टरांनी नोंदवले की काही मजुरांना हे औषध दिल्यावर त्यांच्या लाल रक्तपेशी फुटतात आणि लघवी काळसर होते. सगळ्यांना नाही, काहींनाच. ते काही जण कोण, हे कोडे तेव्हा सुटले नाही.

दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा बेट घेतले आणि दोस्त राष्ट्रांचा क्विनाइनचा मुख्य पुरवठा तुटला. पॅसिफिकच्या जंगलात सैनिक मलेरियाने आजारी पडत होते, नव्या औषधाची घाई होती. 1944 साली शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर आल्फ आल्व्हिंग यांच्या नेतृत्वाखाली, अमेरिकन लष्कराच्या पाठबळावर, इलिनॉय राज्यातल्या जोलिएटजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगात प्रयोग सुरू झाले. कैद्यांना मुद्दाम मलेरियाचे डास चावू देत आणि मग त्यांच्यावर प्रायोगिक औषधे तपासत. कैद्यांनी सह्या केल्या होत्या, त्यांना थोडे पैसे मिळत, शिक्षेत सूट मिळण्याची आशाही असे. याला संमती म्हणायची का? गजाआडच्या माणसाच्या "हो" ची किंमत काय असते, हे आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. वेठबिगारीत राबणारा महारही पाटलाला "जी" च म्हणत होता.

या प्रयोगांतून पुढे आलेल्या औषधांपैकी एक म्हणजे प्रायमाक्विन. कोरियन युद्धातून परतणाऱ्या सैनिकांना ते मोठ्या प्रमाणात दिले गेले. गोऱ्यांना ते बहुधा सोसत होते. मग स्टेटव्हिलमध्ये काळ्या कैद्यांवर त्याच्या विषारीपणाच्या चाचण्या झाल्या आणि 1952 मध्ये निबंध छापून आला. रोज 30 मिलिग्रॅम औषध दिल्यावर काळ्या पुरुषांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांच्या रक्तपेशी फुटत होत्या. म्हणजे नव्वदहून अधिक टक्के काळ्या पुरुषांना काहीही होत नव्हते. तरीही निबंधाच्या शीर्षकात नाव आले ते संपूर्ण काळ्या वंशाचे.

पुढचे पाऊल मात्र खरे विज्ञान होते. दोष शरीरात आहे की पेशीत, हे पाहण्यासाठी आल्व्हिंग यांच्या गटातल्या संशोधकांनी रक्ताची अदलाबदल केली. औषध न सोसणाऱ्या कैद्याच्या रक्तपेशींवर किरणोत्सर्गी क्रोमियमची खूण करून त्या औषध सोसणाऱ्याच्या शरीरात सोडल्या आणि त्याला प्रायमाक्विन दिले. आलेल्या पेशी फुटल्या, त्याच्या स्वतःच्या टिकल्या. उलट प्रयोगात, सोसणाऱ्याच्या पेशी न सोसणाऱ्याच्या शरीरातही सुखरूप राहिल्या. म्हणजे दोष त्या माणसात नव्हता, वंशात तर नव्हताच, तो पेशीच्या आत होता. 1956 मध्ये कार्सन, फ्लॅनागन, इक्स आणि आल्व्हिंग यांनी तो नेमका सांगितला : या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे एक विकर कमी असते. हे विकर रक्तपेशीला रासायनिक माऱ्यापासून सांभाळते. ते कमी असेल तर प्रायमाक्विनसारख्या औषधाचा ताण पेशीला झेपत नाही आणि ती फुटते.

एका जनुकातला एक बदल आणि त्यामुळे औषधाचा उलटा परिणाम, हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच दिसले. पण ज्यांच्या रक्तातून हे ज्ञान निघाले त्यांची नावे कुठल्या पाठ्यपुस्तकात आहेत? न्यूरेंबर्गमध्ये 1946-47 साली नाझी डॉक्टरांवर खटला चालला, तेव्हा आरोपींच्या वकिलांनी स्टेटव्हिलकडेच बोट दाखवले होते. त्या खटल्यातून 1947 मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली. माणसाच्या ऐच्छिक संमतीशिवाय प्रयोग नाही, हे तिचे पहिले कलम. स्टेटव्हिलचे प्रयोग त्यानंतरही 1974 पर्यंत चालू राहिले.

रंगाचे उत्तर चुकले

जी-सिक्स-पीडीची तपासणी सोपी झाली तेव्हा लोक जगभर शोध घेऊ लागले आणि "हा काळ्यांचा दोष" हे समीकरण कोसळले. इटलीच्या सार्डिनिया बेटावर हा दोष सापडला, ग्रीसमध्ये सापडला, कुर्दिस्तानच्या ज्यूंमध्ये तर फार मोठ्या प्रमाणावर सापडला. आपल्या मुंबईतल्या पारशी समाजातही तो बराच आढळतो. आज जगात 40 कोटींहून अधिक लोकांमध्ये हा बदल आहे असा अंदाज आहे. पारशी आणि शिकागोचा काळा कैदी यांचा वंश कोणता एक?

एक काय असेल, तर तो मलेरियाचा जुना भूगोल. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरियाने माणसे मारली, तिथे ज्यांच्या रक्तपेशीत मलेरियाचा जंतू नीट पोसला जात नाही असे लोक जास्त जगले आणि तो बदल टिकला. सिकलसेलचेही तसेच. विदर्भातल्या बौद्ध समाजात, गोंड, भिल्ल, पावरा अशा आदिवासी समाजांत तो आहे, तसाच तो आफ्रिकेत, सौदी अरेबियाच्या पूर्व भागात आणि ग्रीसमध्येही आहे. आई-वडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळालेला वाहक मलेरियात जास्त तगतो, दोघांकडून मिळाले की आजार होतो. त्या म्हातारीला आम्ही हेच सांगितले : आजी, हे रगत वाईट नाही, याच रगताने तुमचे पूर्वज तापाच्या साथीत जगले.

या सगळ्या तुकड्यांना एकत्र आणणारा निबंध 1957 मध्ये आर्नो मोटुल्स्की यांनी लिहिला. औषधाची प्रतिक्रिया वारशाने ठरू शकते, हा विचार त्यांनी मांडला. 1959 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रेडरिक फोगेल यांनी या शास्त्राला फार्माकोजेनेटिक्स हे नाव दिले. मोटुल्स्की कोण होते? हिटलरच्या जर्मनीतून पळालेला ज्यू मुलगा. 1939 मध्ये नऊशेहून अधिक ज्यू निर्वासितांना घेऊन निघालेल्या सेंट लुईस जहाजावर ते होते. क्युबाने बहुतेकांना उतरू दिले नाही, अमेरिकेनेही दार उघडले नाही, जहाज युरोपला परतले. पुढे फ्रान्समधल्या छावण्यांत दिवस काढून ते 1941 मध्ये कसेबसे अमेरिकेत पोहोचले. ज्या राजकारणाने "रक्त" या शब्दावर लाखो माणसे मारली, त्यातून वाचलेल्या माणसाने रक्तातल्या फरकाचे शास्त्र उभे केले. फरक मोजणे आणि माणसाला उच्च-नीच ठरवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे त्यांच्या आयुष्यातूनच आपल्याला कळते.

मद्रासच्या झोपडपट्टीतला धडा

आता आपल्या देशाकडे येऊ. 1952 मध्ये क्षयरोगावर आयसोनियाझिड हे औषध आले. लवकरच लक्षात आले की काहींचे यकृत हे औषध भराभर निकामी करते, तर काहींच्या शरीरात ते जास्त वेळ टिकते. हाही वारशाने येणारा फरक. भारतीयांत हळू निकामी करणारे सुमारे साठ टक्के. मग प्रश्न आला : भराभर निकामी करणाऱ्यांना या औषधाचा फायदा कमी होईल का?

याचे उत्तर देण्यात मद्रासच्या गरीब वस्त्यांतल्या रुग्णांचा मोठा वाटा आहे. तिथे 1956 मध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचे ते संयुक्त काम. 1959 मध्ये त्यांनी दाखवले की झोपडीत राहून गोळ्या घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. पुढच्या वर्षांत त्यांनी आयसोनियाझिड आणि स्ट्रेप्टोमायसिनचे वेगवेगळे डोस तपासले. आठवड्यातून एकदाच औषध दिले तेव्हा भराभर निकामी करणारे रुग्ण मागे पडले. पण हेच औषध आठवड्यातून दोनदा किंवा रोज दिले तेव्हा जनुकांच्या त्या फरकाने निकालात जवळजवळ काहीच फरक पडला नाही. दुसरीकडे, हळू निकामी करणाऱ्यांना जास्त डोसमुळे हातापायांना मुंग्या येऊन मज्जातंतूंचा त्रास व्हायचा. तोही ब-६ जीवनसत्त्वाच्या साध्या गोळीने टाळता येतो, हे याच केंद्रात दिसून आले.

मित्रांनो, या एका निष्कर्षावर थोडे थांबा. जनुक तेच होते, माणसे तशीच होती. उपचार अपुरा होता तेव्हा जनुक शत्रू ठरले, उपचार पुरेसा झाला तेव्हा जनुक निरुपद्रवी झाले. फरक निसर्गाने दिला, पण त्या फरकाचे नुकसान करायचे की नाही, हे व्यवस्थेने ठरवले. आरक्षणाच्या विरोधात "गुणवत्ता रक्तात असते" असे म्हणणाऱ्यांना हाच प्रश्न विचारायचा असतो : आमच्या मुलाला आठवड्यातून एकदा शाळा आणि तुमच्या मुलाला रोज शाळा, मग निकालाचे खापर रक्तावर का फोडता?

वंशाच्या नावाने विकलेली गोळी

आपण इतके शिकलो, तरी जुनी सवय गेली नाही. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांसाठी हायड्रालाझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ही दोन जुनी औषधे एका गोळीत घालून बायडिल तयार झाले. 1997 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मंजुरी नाकारली. मग जुन्या चाचण्यांची आकडेवारी वंशानुसार पुन्हा तपासली गेली आणि "काळ्यांसाठीचे औषध" म्हणून नवे पेटंट घेतले गेले. मूळ पेटंट 2007 मध्ये संपणार होते, नव्याने ते 2020 पर्यंत लांबले. नव्या चाचणीत स्वतःला काळे म्हणवणारे 1050 रुग्ण घेतले, गोरा एकही नाही. मृत्यूचे प्रमाण 43 टक्क्यांनी घटले आणि 2005 मध्ये मंजुरी मिळाली.

औषधाने जीव वाचले, हे आम्ही नाकारत नाही. काळ्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही त्या चाचणीला साथ दिली होती, कारण वर्षानुवर्षे चाचण्यांतून काळ्यांना वगळले गेल्याचा त्यांचा राग खरा होता. पण गोळी द्यायची की नाही हे ठरवताना कुठल्या जनुकाची तपासणी होत होती? कुठल्याच नाही. कातडीचा रंग हीच तपासणी. गोऱ्यांना घेतलेच नाही, तर त्यांना फायदा होत नाही हे कळले कसे? आणि तीच दोन औषधे सुटी घेतली तर कितीतरी स्वस्त मिळत होती. 2008 मध्ये कंपनीने बाजारातली विक्रीची मोहीमच थांबवली. सामाजिक लेबलाला जनुक समजण्याचा हा व्यापार होता.

भिंत आधी, फरक नंतर

भारतात हे लेबल जातीचे असेल. ब्रिटिश अधिकारी रिस्ले यांनी 1901 च्या जनगणनेच्या काळात नाकाची मापे घेऊन जातींची उतरंड वंशाची असल्याचे सांगितले होते. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मापांचीच आकडेवारी घेऊन तो सिद्धांत उलटवला. त्याआधी 1936 च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी मांडले होते की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार हे वंशाने एकच, जात ही वंशाची विभागणी नाही. आणि त्याच्याही आधी, 9 मे 1916 रोजी, कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी सांगितले होते की जातीचे खरे मर्म सजातीय विवाहात, म्हणजे जातीबाहेरच्या लग्नाच्या बंदीत आहे.

आजचे जनुकशास्त्र काय म्हणते? 2013 च्या एका मोठ्या अभ्यासानुसार साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वीपर्यंत या उपखंडातले वेगवेगळे लोकसमूह मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते, मग ते मिसळणे थांबले. म्हणजे आधी माणसे मिसळलेली होती, मग लग्नाची भिंत उभी राहिली. भिंतीच्या आत पिढ्यान् पिढ्या तीच जनुके फिरत राहिली, म्हणून काही दुर्मिळ बदल एकेका जातीत साचले. जातीतला जनुकीय फरक हे जातीचे कारण नाही, तो जातीने केलेल्या बंदीचा परिणाम आहे.

याचे ठळक उदाहरण सवर्णांतलेच आहे. दक्षिणेतल्या वैश्य व्यापारी समाजात ब्युटिरिलकोलिनएस्टरेज या विकराची कमतरता इतरांपेक्षा कितीतरी पटीने जास्त आढळते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करायला दिले जाणारे सक्सिनिलकोलीन हे औषध साधारणपणे काही मिनिटांत उतरते. हे विकर नसलेल्याच्या शरीरात ते तासन् तास उतरत नाही, श्वास कृत्रिम यंत्रावर चालवावा लागतो. मनूच्या नियमाने शुद्ध ठेवलेल्या रक्ताची ही किंमत आहे. जातीची भिंत आतल्यालाही सोडत नाही. पण भूलतज्ज्ञाने आडनावावरून निर्णय घ्यायचा का? त्याच समाजातल्या बहुसंख्यांत तो दोष नसतो आणि इतर समाजांत तो कुणालाच नसतो असेही नाही. उत्तर तपासणीत आहे, आडनावात नाही.

मग आपण मागायचे काय?

गडचिरोलीत मलेरिया आजही आहे. व्हायव्हॅक्स मलेरियाच्या रुग्णाला चौदा दिवस प्रायमाक्विन द्यावे लागते, तेच स्टेटव्हिलचे प्रायमाक्विन. औषध गरजेचे आहे, ते घेऊ नका असे आम्ही अजिबात म्हणत नाही. पण सरकारी मार्गदर्शक सूचनांतच लिहिले आहे की जी-सिक्स-पीडी कमी असलेल्याला ते देऊ नये आणि लघवी काळसर झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखान्यात यावे. ही सूचना माडिया आईला तिच्या भाषेत कुणी सांगते का? तपासणीचा संच तिच्या उपकेंद्रापर्यंत पोहोचतो का? 1956 मध्ये काळ्या कैद्यांच्या रक्तातून मिळालेले ज्ञान आदिवासी पाड्यावर पोहोचले नसेल, तर तो दोष जनुकाचा म्हणायचा की शासनाचा?

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 2023 मध्ये सुरू झाले आहे, वस्तीवस्तीत तपासण्या होत आहेत. आपल्या कार्यकर्त्यांनी त्यात पुढे राहावे आणि चार गोष्टींवर लक्ष ठेवावे. तपासणीचा निकाल लग्नाच्या बाजारात मुलीला नाकारण्याचे हत्यार होऊ नये. नव्या औषधांच्या चाचण्यांत आपले लोक असावेत, पण समजून उमजून, 2019 च्या औषध चाचणी नियमांतल्या संमतीच्या आणि नुकसानभरपाईच्या हक्कांसह, निव्वळ शरीर म्हणून नाही. त्या चाचण्या आखणाऱ्या आणि तपासणाऱ्या समित्यांतही आपले डॉक्टर, आपले संशोधक असावेत. आणि औषधाच्या चिठ्ठीवर जातीचे लेबल कधीही येऊ नये. कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले तसे, परंपरा म्हणते म्हणून नाही आणि अधिकारी म्हणतो म्हणूनही नाही, स्वतः पारखून स्वीकारायचे.

त्या आईला आम्ही उत्तर दिले. हायड्रॉक्सीयुरियामुळे शरीरात बाळपणीचे हिमोग्लोबिन वाढते, पण ते किती वाढेल हे प्रत्येकात वेगळे असते, सख्ख्या भावांतसुद्धा. धाकट्याच्या वजनाप्रमाणे डोस बरोबर आहे का, रक्त वेळेवर तपासले जाते का, गोळी रोज मिळते का, हे विचारायला आम्ही तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो. रजिस्टर उघडले तेव्हा कळले की धाकट्याचे वजन वाढूनही डोस जुनाच चालू होता. आता तो वाढवला आहे. काही महिन्यांत कळेल की उरलेला फरक त्याच्या जनुकांचा आहे की नाही. म्हातारीचे उत्तर त्या दिवशी खरे मानले असते, तर ते रजिस्टर कुणी उघडलेच नसते.

जय भीम!